बघण्याआधीच 'ठीक'

भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करत. महिन्याच्या तपासणीचा कागद ठरलेला असे: दोर, ब्रेक, दार, दिवा, घंटा असे चोवीस रकाने आणि प्रत्येकापुढे 'ठीक'. हा कागद बाबा तळमजल्यावरच, लिफ्टला हात लावण्याआधी भरून मोकळे होत. मग वर जाऊन लिफ्ट मात्र जीव ओतून तपासत. कागद साहेबासाठी आणि काम लिफ्टसाठी, हा त्यांचा एकवीस वर्षांचा शिरस्ता होता.

भिंगरी चार वर्षांची. तिला खरं नावही होतं, पण ते उच्चारून होईपर्यंत ती पलीकडच्या खोलीत पोचलेली असे. गेल्या महिन्यात ती बालवर्गातून निसटून थेट रस्त्यावर गेली. दुधाचा टेम्पो तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्या दिवसापासून बाबांना काही वाटेनासंच झालं होतं. बायको रडली की ते पाण्याचा पेला आणून ठेवत. कोणी विनोद केला की हसत. चहा गार होता की गरम, विचारलं तर सांगता येत नसे.

शाळेने कळवलं, "डॉक्टरांना दाखवा. तोवर घरीच ठेवा." डॉक्टरीणबाईंनी तिच्या वागण्याबद्दलच्या प्रश्नांचे दोन कागद दिले, एक बालवर्गाच्या बाईंसाठी आणि एक घरासाठी. बाबांनी घरचा कागद रस्त्यातच, स्कूटरच्या सीटवर ठेवून भरला.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी भरलेले दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. भिंगरी टेबलाखाली त्यांच्या चपला काढून घेण्यात गुंतली होती.

"शाळेच्या कागदावर सगळं 'नेहमी', तुमच्या कागदावर सगळं 'कधीच नाही'," बाई म्हणाल्या. "आपण एकाच मुलीबद्दल बोलतोय ना? घरी ती इतकी गुणी असेल, तर मी निदान करू शकत नाही, दोन्हीकडे सारखंच दिसावं लागतं. शाळा बदलून बघा. इथलं काम संपलं."

बायकोने कागद ओढला. "अहो, परवा कपाटावरून हिला कोणी उतरवली?"

"मी."

"मग 'उंच जागी चढते का' याच्यापुढे काय लिहिलंय?"

"कधीच नाही."

"डोळे मिटून भरलात की काय?"

"उघडे होते," बाबा म्हणाले. "सवय आहे. आम्ही आधी कागद भरतो, मग तपासतो."

"मी इथेच वर, नवव्या मजल्यावर राहते," बाई म्हणाल्या.

"तुमची लिफ्ट उत्तम आहे. मीच बघतो."

"कागदावर, की खरंच?"

बायको हसली. म्हणून बाबाही हसले.

बाईंनी कोरा कागद दिला. या वेळी बायको एकेक प्रश्न वाचे, बाबा टेबलाखाली बघत आणि मगच खूण करत. अर्धी वाक्यं ऐकून पळते? नेहमी. आपला नंबर येईपर्यंत थांबत नाही? नेहमी. शेवटचा प्रश्न रस्त्याचा होता. पेन तिथेच थांबलं.

"एकदा," बाबा म्हणाले.

"मग 'कधीकधी'वर खूण करा," बाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी केली. कागदाला भोक पडलं.

"आता चित्र जुळतंय," बाई म्हणाल्या. "अजून एक-दोनदा बघेन, मग या वागण्याला नाव देऊ. शाळेला चिठ्ठी देते, तिला घेतील. पुढच्या बाकावर, दारापासून लांब."

"गोळी?" बायकोने विचारलं.

"इतक्या लहान वयात आधी गोळी नाही. आधी तुम्ही दोघांनी शिकायचं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, ऐकली की लगेच शाबासकी. दर मंगळवारी या, आणि हा तक्ता रोज भरा."

"धुमाकूळ हिचा आणि शिकवणी आम्हाला!" म्हणत बायकोने तक्ता घडी करून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "हा माझ्याकडे राहील."

चपला परत मिळाल्या. तिघं लिफ्टमध्ये शिरले. भिंगरीने सगळी बटणं दाबली. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत, दार उघडत, रिकाम्या जिन्याला तोंड दाखवत खाली निघाली. एरवी बाबा ओरडले असते.

"बाबा, हात दुखतोय."

त्यांनी खाली पाहिलं. तिचं मनगट आपण कधी धरलं आणि इतकं घट्ट का, त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी पकड थोडी सैल केली. तळमजला आला, दार उघडलं, समोर रस्ता होता. त्यांनी सोडलं नाही.