पाठमोरा दुकानदार

माझा मेहुणा पन्नाशीला आला, तरी त्याच्या वरच्या खिशातला पेचकस काही सुटलेला नाही. पेनाशेजारी तो कायम खोचलेला असतो. त्यावरून कामावरचे लोक त्याला पेचकस म्हणू लागले आणि पुढे घरातही तेच नाव चिकटले. शहरातल्या वाद्यांच्या सर्वांत मोठ्या दुकानात तो एकोणीस वर्षे दुरुस्ती करत होता. दुकान तीन मजल्यांचे. तळमजल्यावर गिटार, मधल्या मजल्यावर कीबोर्ड, वर स्पीकर आणि माइक. पेचकसचे टेबल मधल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच होते.

गेल्या वर्षी मालकांनी दुरुस्ती बंद करायचे ठरवले. पेचकसने महिनाअखेरीस खाली विक्रीला उभे राहावे, असे त्याला सांगण्यात आले. नेमका त्याच सुमारास मागच्या रस्त्यावरच्या एका शिंप्याचा गाळा रिकामा झाला. गाळेवाला महिनाभर थांबायला तयार होता. स्वतःचे छोटे दुकान काढावे, असे पेचकसच्या मनात आले आणि एका रविवारी तो आलेखाचा कागद घेऊन आमच्याकडे हजर झाला.

“भाऊजी, तुम्ही आकडेमोडीतली माणसं. बघा आणि सांगा, उघडू की नको?”

“नको म्हणायला एवढा मोठा कागद कशाला आणलास?” बायको आतून म्हणाली. ती त्याची थोरली बहीण. त्याला टोमणे मारायचा हक्क तिने स्वतःकडेच राखून ठेवला आहे.

“ताई, तू चहा टाक.”

“टाकलाय. तुझ्या बायकोचा फोनही येऊन गेला. म्हणाली, त्यांना सांगा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण रोज कुशी बदलून माझी झोप मोडू नका. मला सकाळी वर्गात चाळीस पोरं सांभाळायची असतात.”

मी नकाशा पाहिला. गाळा बारा फूट रुंद, अठरा फूट खोल. त्याचा मागचा जवळजवळ अर्धा भाग त्याने भिंत घालून वेगळा काढला होता. आत एक खुर्ची, एक टेबल, बस्स.

“इथे काय विकणार?”

“काही नाही. इथे वाजवून बघायचं.”

“ते बाहेरही वाजवतील की.”

“वाजवणारे वाजवतात हो, भाऊजी.”

पेचकस नेहमी असे अर्धेच वाक्य बोलतो, उरलेले अर्धे त्याच्या हातात असते. मी लाल पेन्सिलीने ती खोली खोडली आणि तिथे फळ्या आखल्या. जागेच्या प्रत्येक फुटाने काहीतरी दिले पाहिजे, हे मी चाळीस वर्षांपूर्वी शिकलो आणि हिशेबतपासनिसाच्या नोकरीत तेच केले. एवढे करूनही माझे मत ‘नको’ असेच झाले, कारण तोच माल लोकांना फोनवरून घरपोच मिळतो. पण माल न बघता शेरा मारायची मला सवय नाही. म्हणून पुढच्या रविवारी वही घेऊन मी त्याच्या टेबलाशेजारी जाऊन बसलो. वहीत तीन रकाने केले: घेतले, विचारले, नुसतेच आले.

दोन तासांत तिसऱ्या रकान्यात सतरा खुणा झाल्या.

सतरावी खूण एका बाईंची. वय पंचावन्नच्या आसपास, खांद्याला पर्स. एका कीबोर्डवर एक तरुण मित्रांच्या घोळक्यात अशा झपाट्याने वाजवत होता की बोटे दिसत नव्हती. बाई शेजारच्या कीबोर्डपाशी गेल्या. त्यांनी एक पट्टी दाबली, तीही आवाज होणार नाही इतकी हळू. मग इकडेतिकडे पाहून त्या जिन्याकडे वळल्या. मी खूण केली.

पेचकस उठला.

“बाई, एक काम कराल? हा कीबोर्ड आत्ताच दुरुस्त केलाय. पट्ट्या नीट लागतात का, तेवढं बघायचंय.”

“अहो, मला काही येत नाही.”

“मग तर उत्तमच. येणारे लोक चुका लपवतात, मला काही कळत नाही त्यातनं.”

बाई हसल्या आणि बसल्या. त्याने त्यांना हेडफोन दिले, फडके उचलले आणि त्यांच्याकडे पाठ करून मागची फळी पुसू लागला. ती फळी त्याने अर्ध्या तासापूर्वी माझ्यासमोरच पुसली होती. पट्ट्यांची नुसती खटखट ऐकू येत होती. आधी एका बोटाची, मग दोन्ही हातांची. आपणही तिकडे बघू नये, असे मला वाटले. भिंतीवर आग विझवायची नळकांडी होती. तिच्यावरच्या सूचना मी दोनदा वाचून काढल्या.

“शाळेत असताना शिकले होते,” हेडफोन काढत बाई म्हणाल्या. “घरी कुणाला ठाऊक नाही.” मग समोरच्या एका कीबोर्डकडे बोट दाखवून त्यांनी किंमत विचारली. मी पेन्सिल सरसावली.

“आज घेऊ नका,” पेचकस म्हणाला. “खटखटीवरून कळतं, तुमचा हात पियानोसारख्या जड पट्ट्यांवर बसलाय. या तुम्हाला हलक्या पडतील. थोडं थांबा.”

बाई मान हलवून गेल्या.

“अरे शहाण्या, चालून आलेलं गिऱ्हाईक घालवलंस!”

“येतील परत.”

“कुठे येतील? पुढच्या महिन्यात तुझं टेबल तरी असेल का इथे?”

तो फडक्याची घडी घालत राहिला. “तेच तर,” एवढेच म्हणाला.

मी वही त्याच्यापुढे धरली. “या सतरांतले असे किती?”

“बहुतेक सगळेच. यांना लोकांसमोर वाजवायची लाज वाटते. मग फोनवरून मागवतात, चुकीचं मागवतात, ते पलंगाखाली जातं आणि वर्षभराने माझ्याकडे दुरुस्तीला येतं. उघडून बघावं तर काही बिघडलेलंच नसतं.”

इतके सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकले.

घरी येऊन मी तो नकाशा पुन्हा काढला. माझ्या फळ्या मारल्या, तर त्याचे दुकान म्हणजे मोठ्या दुकानाचीच आखूड आवृत्ती होणार होती. ती मोठ्यासमोरही टिकली नसती आणि फोनसमोरही. खोली ठेवली तर टिकेलच, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. ‘आज घेऊ नका’ म्हणणाऱ्या दुकानदाराची काळजी होतीच. पण निदान त्या सतरा जणांना यायला एक जागा झाली असती. मी फोन लावला.

“खोली ठेवणार असशील तर उघड. तिथे फळ्या मारणार असशील, तर मुकाट्याने खाली विक्रीला उभा राहा.”

“फळ्या तुम्हीच मारल्या होत्यात, भाऊजी.”

“म्हणूनच सांगतोय.”

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, “काय म्हणाले? हो की नाही?”

“हो म्हणाले.”

“सुटले बाई!”

दुकानाला आता आठ महिने झाले. जोरात चालते असे म्हणवत नाही. काही दिवस गिटारच्या तारा आणि केबल यांच्यापुढे विक्री जात नाही. शनिवारी मी तासभर जाऊन बसतो. गेल्या शनिवारी त्या बाई आल्या. ‘तो पेचकसवाला कुठे गेला?’ असे जुन्या दुकानाच्या रखवालदाराला विचारत विचारत आल्या होत्या. पेचकसने त्यांच्यासाठी जड पट्ट्यांचा एक जुना कीबोर्ड मिळवून, नीट करून ठेवला होता. बाई मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

पेचकसने फडके हातात घेतले.

“भाऊजी, रस्त्याकडे बघा ना जरा. दाराला काच आहे.”

मी वळलो. बसची वाट बघत असल्यासारखे आम्ही दोघे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. आतून अगदी बारीक सूर येत होते. एक चुकला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.