आठ कॅन आणि एक रिक्षा

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाही सांगितली नाही. विषय लघवीचा आहे, हे एक कारण. दुसरं असं की चूक माझी होती आणि तिची माफी दुसऱ्याच माणसानं मागितली.

सत्तरच्या दशकात माझी बदली चंडीगडला झाली. मी केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून आणि तिथल्या लहानशा महाराष्ट्र मंडळाचा सचिव. समोरच्या क्वार्टरमध्ये एक तरुण सरदारजी डॉक्टर राहत. मुतखड्यावर त्यांचा प्रबंध चालू होता. "भाईसाहब," ते सांगत, "गर्मियों में छह-छह फुट के ट्रकवाले दर्द से फर्श पर लोटते हैं. इसे रोकना है."

एकदा ते आमच्याकडे जेवायला आले आणि आमसुलाचं सार तीन वाट्या प्यायले. चौथ्या वाटीला त्यांच्या डोक्यात विचार आला: हे रोज पिणाऱ्यांना खडे कमी होत असतील का? त्यासाठी हवी होती मराठी पुरुषांची प्रत्येकी एका पूर्ण दिवसाची लघवी.

मंडळाच्या सभेत मी हे जाहीर केलं तेव्हा बायकांच्या बाजूनं आवाज आला, "अहो सचिव, वर्गणी जमत नाही म्हणून आता हे गोळा करणार का?"

तरी आठ जण तयार झाले. प्रत्येकाला एक पांढरा कॅन मिळाला. चोवीस तास तो जवळ बाळगायचा, एक थेंब वाया घालवायचा नाही. हवाई दलातले एक विंग कमांडर तो गोल्फच्या पिशवीतून कचेरीत घेऊन गेले. एक बँकवाले चक्क लग्नाला घेऊन गेले. तिथे आहेर समजून कुणीतरी तो मुलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवला, म्हणून त्यांना अर्धं जेवण टाकून धावावं लागलं.

आठही कॅन प्रयोगशाळेत पोचवायचं काम मी अंगावर घेतलं. सायकलरिक्षात ते रचले. वाटेत, कुणी किती भरलंय हे पाहायला सगळी झाकणं उघडली आणि नुसती वर टेकवून ठेवली. सचिवाला माहीत असायला हवं, असं मला वाटलं. मग गोल चौकाला पूर्ण वळसा नको म्हणून रिक्षावाल्याला उलट्या बाजूनं घालायला लावलं. समोरून दूधवाल्याची सायकल आली. चंडीगडच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर, जिथे धडकायला सहसा काही सापडतच नाही, आमची रिक्षा आडवी झाली.

"बाबूजी, सारा शरबत गिर गया!" रिक्षावाला हळहळला.

"जाने दो," मी म्हणालो. "फीका ही था."

दोन कॅनांत थोडं उरलं होतं. मला डोळ्यांपुढे विंग कमांडर दिसले, लग्नातून धावणारे बँकवाले दिसले. त्यांना परत चोवीस तास मागायची माझी छाती नव्हती. चौकातल्या बागेत नळ होता. उरलेलं मी पंगतीत ताक वाढावं तसं आठ कॅनांत सारखं वाटलं आणि वर पाणी घातलं. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "कसला वास येतोय हो तुम्हाला?" "प्रयोगशाळेचा," मी म्हणालो.

आठवड्यानं डॉक्टर अर्धवट बांधलेल्या पगडीनिशी धावत आले. "आठों के आठों साफ! और सब बराबर!" त्यांनी मला उचललंच. पुढचा महिनाभर आमच्या गल्लीतली पंजाबी मंडळी लस्सीत आमसूल घालून पीत होती. मलाही प्यावी लागली. माझ्या अपराधाची तेवढीच काय ती शिक्षा मला झाली.

मग त्यांच्या मार्गदर्शक बाईंनी कागद पाहिला आणि विचारलं, "हे आठ जण आहेत की एकच माणूस आठ वेळा?"

डॉक्टरांनी हे मला चहा पिता पिता सांगितलं. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. "मैंने ही बर्तन ठीक से नहीं धोए होंगे," ते म्हणाले. तसं त्यांनी बाईंना लिहूनही दिलं. प्रबंध सहा महिने लांबला आणि त्याच्या भरवशावर ठरलेली लुधियानाची नोकरी हातची गेली.

वर ते बर्फीचा डबा घेऊन आठही घरी गेले. सोबत मीच होतो. "गलती मेरी है जी, बर्तन ठीक से नहीं धोए. एक बार और दे दीजिए."

विंग कमांडर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सचिव, याला महिनाभर आमच्याकडे भांडी घासायला पाठवा." घरातले सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी एकेक कॅन स्वतः सायकलवरून नेला. आमसुलाचा काही उपयोग दिसला नाही. जे कमी पाणी पीत त्यांची लघवी मात्र दाट निघाली. मग ते गल्लीत घरोघरी जाऊन म्हणाले, "आमसूलवाली बात गलत थी. पानी पीजिए, बस." पुढे ट्रकअड्ड्यांवर जाऊन ते हेच सांगत राहिले. आपली लाडकी कल्पना अशी चारचौघांत खोडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला तर साधी रिक्षा उलटल्याचं सांगता येत नव्हतं.

माझी बदली झाली तेव्हा ते स्टेशनवर आले. मी न्हाणीघरात आठवडाभर वाक्य पाठ केलं होतं. गाडी हलली, ते खिडकीबरोबर चालू लागले, आणि मी म्हणालो, "पानी पीते रहिए." ते खूश होऊन हसले.

मागच्या वर्षी ते गेल्याचं कळलं. पाठ केलेलं वाक्य असं होतं: "डॉक्टरसाब, बर्तन आपने ठीक धोए थे. रिक्षा मैंने उलटवाई थी. मुझे माफ कर दीजिए."