हौशी ड्रोन आणि आत्याच्या गावची मोजणी

ड्रोन घेतला आणि लगेच ठरवलं, छत्रपती संभाजीनगरला जायचं आणि ब्लॉगवर देवगिरी आकाशातून दाखवायचा. नियम वाचले ते पुण्याहून बस सुटल्यावर. दोन किलोच्या आतला ड्रोन हौसेनं उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, धंद्यासाठी लागतो. नोंदणी मात्र दोन्हीकडे हवीच. संरक्षित वास्तूंवर परवानगीशिवाय उडवायचा नाही. म्हणजे किल्ला गेला, मकबराही गेला. ड्रोनच्या सरकारी नकाशावर विमानतळामुळे शहरही लाल, म्हणजे बंदी. मग शहागंजात नान-खलिया खाल्ला आणि ड्रोन पाठीवर घेऊन हमालासारखा हिंडलो.

दुसऱ्या दिवशी एसटीनं देवगाव रंगारीकडे निघालो. तिथून जवळच्या खेड्यात माझी सुमनआत्या राहते. तो भाग नकाशावर हिरवा. आत्या आणि तिची धाकटी जाऊ शांताकाकू यांची घरं शेजारी, मधे अरुंद बोळ. बोळ कुणाचा, यावरून कित्येक वर्षं दोघींचा अबोला. "तिच्याकडं जाऊ बी नको," आत्यानं भाकरी वाढताना बजावलं. लहानपणी दोघींच्या हातचं जेवलोय मी. फार वाईट वाटलं.

जेवण झाल्यावर अंगणातून ड्रोन वर पाठवला आणि स्वतःवरच खूश झालो. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मोजणीचा ड्रोन आला रं!"

शेजारच्या गावात गावठाणाची मोजणी ड्रोननं झाली होती. त्याआधी प्रत्येकानं घराभोवती चुन्याची फक्की मारायची असते, वरून हद्द दिसावी म्हणून. बघता बघता गल्लीभर पांढऱ्या रेषा पडायला लागल्या. काकूनं बोळ आपल्या रेषेत घेतला. आत्यानं तोच बोळ आपल्या रेषेत.

"बोळ काय माहेरनं आणलास व्हय गं?" आत्या कडाडली.

"तुमी तरी कुठं आणलाय, बाई?" काकू म्हणाली.

"अहो, हा मोजणीचा नाही! माझा आहे, हौसेचा!" मी रिमोट उंचावून कोकललो.

दोघी एकदम माझ्याकडे वळल्या.

"मंग आमचा चुना वाया गेला, त्याचं काय?" काकूनं विचारलं.

"लई शाना झालाय. खाली घे आधी ते!" आत्या म्हणाली. पुढं दोघींनी मिळून मला असं झापलं, की खाली घेताना गडबडीत ड्रोन कडुलिंबात अडकला तो अजून निघालेला नाही.

घरी परतलो ते रिकाम्या हातानं. ब्लॉगवर टाकायला एक धड फोटो नाही. गेल्या आठवड्यात भीत भीत आत्याला फोन केला. बोळाचं मिटलं का, विचारलं.

"मिटतंय कुठलं? रोज भांडतो आमी," आत्या म्हणाली. "ही काय, इथंच बसलीय. चहा झाला की लागतो."