खंदकातली रायफल

सिद्धगडाच्या पायथ्याशी खणलेला तो खंदक आता बुजला असेल, पण तिथली ती घटना मी विसरलेलो नाही.

एका गाजलेल्या नाटकावरून युद्धपट निघत होता. खंदकात अडकलेल्या सैनिकांची गोष्ट. खणायला शेजारच्या वाडीतली माणसं लावली होती. एके सकाळी चित्रपटाचा व्यवस्थापक माझ्या पोलीस ठाण्यात आला. नायकाची रायफल गायब होती. काडतुसं खोटी, पण हत्यार खरं, परवान्यावरचं. संशयिताचं नावही त्यानेच दिलं. "काल खंदकातून शेवटी तोच वर आला, साहेब."

मी वाडीवर जाऊन त्या खणणाऱ्याला उचललं. पन्नाशीचा, काटक गडी. मागोमाग त्याची बायको येऊन फाटकाशी बसली.

"बोल, कुणाला विकलीस?"

"बंदूक नेऊन काय करू साहेब? भात झोडू?"

हवालदार हसला. मला तो उद्धटपणा वाटला. संध्याकाळी अटक दाखवायची तयारी झाली होती. एकदा बंदूकचोर म्हणून नोंद झाली की पुढे तालुक्यात काहीही घडलं तरी पहिली जीप त्याच्याच दारात जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्याआधी पंचनाम्यासाठी त्याला खंदकात नेलं. भिंतीवरून हात फिरवत चालता चालता तो थांबला.

"हे काम माजं नाय."

"कशावरून?"

"मी डावरा. माजे घाव असे तिरके. हितं कुनी हातानं माती थापलीय, चूल सारवल्यागत."

पंचांसमोर उकरलं. हातभर आत, सैनिकी कोटात गुंडाळलेली रायफल मिळाली. कोट चित्रपटात किरकोळ काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या नटाचा होता. नाटकात नायकाची भूमिका त्याने वर्षानुवर्षं केली होती, चित्रपटात ती दुसऱ्याला गेली. त्याला ठाण्यात बोलावून मी खुर्ची दिली, चहा मागवला.

"नाटकात सैनिक शेवटी रायफल पुरतो," तो म्हणाला. "हे चित्रपटवाले त्याला गोळी झाडायला लावणार होते. म्हटलं, रायफलच नको."

"आणि हा माणूस तुरुंगात गेला असता तर?"

तो खाली बघत राहिला. पण खाली बघायची पाळी माझीही होती. खणणाऱ्याला मी सकाळपासून फरशीवर बसवलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण माझा बाप जन्मभर कुदळच मारत होता. ते घाव मला आधी दिसायला हवे होते.

नवरा-बायकोला मी स्वतः जीपने वाडीवर सोडलं. "चूक माझी झाली," म्हणालो.

उतरता उतरता तो म्हणाला, "फुडल्या टायमाला आधी माती बघा साहेब, मंग मानूस."

निवृत्त होईपर्यंत मी तेच केलं.