चार कोपऱ्यांत चार कंपन्या

माझ्या मामाने उभ्या जन्मात एकही वस्तू उजेडासमोर धरल्याशिवाय विकत घेतलेली नाही. लालबागच्या गिरणीत तो कापडातले दोष शोधायच्या कामावर होता. गिरणी बंद पडली, पण दोष शोधणं काही बंद पडलं नाही. हिंदमाता मार्केटला साडी घ्यायला गेला की दुकानदार आपणहून दिवा लावून देतो. बघायला गेला तेव्हा मामीलाही त्याने खिडकीपाशी बसायला सांगितलं होतं म्हणे. मामा म्हणतो, तिथे वारा होता.

मग त्याच्या चाळीच्या जागी टॉवर झाला आणि मामा अकराव्या मजल्यावर गेला. घर छान, पण आत मोबाइलला रेंज शून्य. दुसऱ्या कुणी चालवून घेतलं असतं, पण गावी मामाची थोरली बहीण एकटी राहते. ही आक्का रोज दिवेलागणीला मामाला मिसकॉल देते. दोन रिंगा आणि बंद, म्हणजे मी बरी आहे. फोनवर बोलणं महाग होतं तेव्हाचा हा करार दोघांनी अजून मोडलेला नाही. त्यासाठी मामा सत्तरी ओलांडलेले गुडघे घेऊन रोज खाली गेटपाशी जाऊन उभा राहायचा. एकदा लिफ्ट बंद होती आणि मिसकॉल हुकला. मामा जिन्याने उतरला आणि फोन करून गावच्या शेजाऱ्याला त्याने आक्काच्या दारात पिटाळलं. आक्काने त्याच फोनवरून झापलं, “मी मेलंय काय ता बघूक धाडलंस?” ते ऐकून मामाचा जीव भांड्यात पडला.

मी म्हटलं, “मामा, घरात वायफाय आहे ना? मग वायफाय कॉलिंग देणाऱ्या कंपनीत जा. रेंज नसली तरी फोन वाजतो, आणि नंबर तोच राहतो.” नंबर तोच हवा होता, कारण तो आक्काच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला आहे. झालं! मामाने लालबाग-परळची सगळी मोबाइलची दुकानं पालथी घातली. एका दुकानात स्वस्तातला प्लॅन दाखवल्यावर त्याने विचारलं, “अठ्ठावीस दिवसांचो महिनो खंयच्या पंचांगात आसा?” दुसऱ्या दुकानात दोन दिवसांसाठी नमुना मागितला. दुकानदार म्हणाला, “काका, सिम आहे ते, आंबा नाही.” मामा शांतपणे म्हणाला, “आंब्याची पेटी पण मी उघडूक लावतंय.”

शेवटी त्याने घरीच तपासणी ठेवली. रविवारी सकाळी वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेल्या चौघांना चहाला बोलावलं, सगळ्यांचे फोन घरच्या वायफायला जोडायला लावले आणि घराच्या चार कोपऱ्यांत पाठवलं. एक शेजारी ओट्यापाशी, एक कपाटाच्या आडोशाला, सोसायटीचे सेक्रेटरी बाथरूममध्ये आणि मी फ्रिजमागे. मामी खाली गेटपाशी उभी राहून एकेकाला फोन लावत होती. माझा पहिल्या रिंगेला वाजला. मामाने तो माझ्या हातातून घेतला, मामीला तीनदा “हॅलो” म्हणायला लावलं आणि निकाल दिला, “सूत बरा आसा.” प्लॅनही परवडणारा निघाला. या आनंदात सेक्रेटरींना आम्ही विसरलो. फोन वाजल्याशिवाय बाहेर यायचं नाही असं मामाने बजावलं होतं, आणि माणूस शब्दाचा पक्का. अर्ध्या तासाने मामी त्यांचा गार झालेला चहा घेऊन शोधायला गेली.

नवं सिम सुरू झालं त्या संध्याकाळी मी माटुंग्याहून मुद्दाम गेले. दिवेलागणीला टेबलावरचा फोन वाजला. मी आनंदाने हात पुढे केला, तर मामाने माझं मनगट धरलं. “उचलू नको गो!”

दोन रिंगा झाल्या आणि फोन थांबला. “आक्का बरी आसा,” मामा म्हणाला.

“अरे मामा, एवढा खटाटोप केलास, मग बोल की आता! पैसेही पडत नाहीत.”

“बोलाक लागलो तर ती तिचे गुडघे सांगतली, मी माझे सांगतलंय. मगे दोघांकय झोप नाय.” आणि तो खुर्चीत निवांत टेकून बसला. कितीतरी महिन्यांनी त्याला त्या वेळी बसलेला मी पाहत होते.

हल्ली ऑफिसातून घरी पोचले की मीही त्याला दोन रिंगा देते. तो उचलत नाही. तो उचलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं मी धरते; पण काही बिनसलं असलं तरी तो उचलणार नाहीच, म्हणून फोन ठेवताना रोज मला थोडी भीती वाटते.