दाराशी ठेवलेला दगड

धातूचा कुठलाही तुकडा हातात आला की आमचे सर आधी तो नखाने टिचकावत, मग हुंगत आणि मग म्हणत, "कट पण्णु." तमिळमध्ये म्हणजे, काप. इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग होतात. एखादा भाग तुटून परत आला की तो का तुटला हे सांगणं आमच्या लॅबचं काम. बाहेरून बघून कुणी छातीठोक मत दिलं की सर तेच दोन शब्द म्हणायचे, मग समोर मोठा साहेब का असेना. कामगारांनी त्यांचं नावच कटपण्णु सर ठेवलं होतं.

मी कोल्हापूरची. रुजू झाले तेव्हा मला तमिळचा गंध नव्हता. पहिल्याच दुपारी पाठीमागून आवाज आला, "जेवलीस कीं नाहीं गे?" मी दचकलेच. सरांचं घराणं तंजावरचं, कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. मराठी माझ्या पणजीच्या काळातली, सूर मात्र पक्का तमिळ. माझी मराठी त्यांना खटकायची. "फार घाईनें बोलतीस. जरा थंड होऊं दे," म्हणायचे. लोखंडाच्या बाबतीतही त्यांचं हेच. घाईने थंड केलेल्याची घडण वेगळी, सावकाश थंड झालेल्याची वेगळी, हे मी त्यांच्याकडूनच नीट शिकले.

एका पावसाळ्यात सर राहायचे त्या वेलचेरीत पाणी भरलं. सरांचं घर तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर मी साफसफाईला हात लावायला गेले. पुढचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक गंजका दगड टेकवून ठेवला होता. बाजूला सारायला उचलला तर हात खालीच ओढला गेला, इतका जड. गंजाचा एक पापुद्रा सुटला होता आणि आत हिरवट पिवळे काचेसारखे दाणे चमकत होते.

"हा आमचा देव होता," सर म्हणाले. पणजोबांच्या शेतात आभाळातून पडला म्हणून देव्हाऱ्यात बसलेला. सर कॉलेजातून नवी पदवी घेऊन आले, दाणे पाहिले आणि चार लोकांत सांगून टाकलं, की हा देव नाही, स्लॅग आहे. स्लॅग म्हणजे भट्टीत वितळलेल्या लोखंडावर तरंगणारा कचरा. शिकलेला मुलगा सांगतो म्हणून आईने दगड उचलून दाराशी ठेवला.

"कापून बघितला होतात?" मी विचारलं.

सरांनी नखाने दगड टिचकावला. "नाहीं. ती चूक झाली, म्हणून तर पुढें जन्मभर कट पण्णु म्हणत आलों."

आई आत खाटेवर बसली होती. दगड तपासायला नेऊ का, असं सरांनी तिला विचारलं. "नें की," ती म्हणाली.

शिफ्ट संपल्यावर आम्ही तो कापला. कापलेली बाजू घासून, चकचकीत करून त्यावर आम्ल सोडलं. दाण्यांच्या मधल्या धातूवर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या हळूहळू उमटल्या. निकेलही भरपूर निघालं. अशा पट्ट्या माणसाच्या भट्टीत होत नाहीत. त्यासाठी धातूला दहा लाख वर्षांत जेमतेम काही अंश थंड व्हावं लागतं. अशनींमध्येही, म्हणजे आभाळातून पडलेल्या दगडांमध्येही, ही जात दुर्मीळ. सूर्यमालेच्या सुरुवातीला एखादा छोटा ग्रह वितळतो, लोखंड पोटात बुडतं, दगड वर राहतो; दोन्ही एकमेकांत मिसळून गोठतात आणि पुढे टक्कर होऊन त्याचे तुकडे उडतात.

"म्हणजे स्लॅग म्हणालों तें अगदींच चूक नव्हतें," सर म्हणाले. "भट्टी तेवढी ग्रहाएवढी होती." हसायला गेले आणि चष्मा पुसत बसले.

कापलेली बाजू त्यांनी स्वतः आरशासारखी घासली. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन घरी गेले आणि आईसमोर खाली बसले. "आई, मी चुकलों. हा वरूनच आला आहे. परत देव्हाऱ्यांत ठेव."

आईने कापलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. "हें काय केलास? खंडित झाला की रे. खंडित देव पूजेंत ठेवत नाहींत."

सरांचा चेहरा उतरला. आम्हा दोघांच्या पदव्यांत ही गोष्ट कुठेच नव्हती.

"दाराशींच असूं दे," आई म्हणाली. "उंबऱ्याबरोबर त्यासही रोज हळदकुंकू लावतेंच की मी. तूं सांगितलास म्हणून देव्हाऱ्यांतून काढलें. तेवढेंच."

इतकी वर्षं ती हळद उंबऱ्याची सांडलेली असेल असं सरांना वाटत होतं.

गेल्या वर्षी निवृत्तीच्या तोंडावर सर अचानक गेले. लॅबमध्ये मी रडू आवरलं. वेलचेरीला गेले तेव्हा दगड दाराशीच होता, पण त्याची कापलेली बाजू आता घराकडे वळवलेली होती. बाकी सगळीकडे हळदकुंकू, त्या बाजूवर फक्त तेलाचा हात. गंजाचा एक ठिपका नव्हता.

"तेवढें त्यानें घासलेलें आहे," आई म्हणाली. "गंजूं देत नाहीं मी."

माझ्याने तिथे उभं राहवेना. चप्पल घालायला वाकले, तर पाठीमागून आईचा आवाज आला, "जेवलीस कीं नाहीं गे?"