शनिवारचा विस्तव

रेबेका वाकरूळकरला थंडी वाजत नाही, असं ती गेली नऊ वर्षं, म्हणजे नवरा एलियाह गेल्यापासून, भेटेल त्याला सांगत आली आहे. हे धडधडीत खोटं आहे. पेण तालुक्यात, गागोद्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी तिचं कौलारू घर आहे. पौषात डोंगरावरून उतरणारा गारठा कौलांच्या फटींतून शिरतो आणि थेट तिच्या गुडघ्यांत जाऊन बसतो. पण थंडी वाजते असं कबूल केलं की लोक सल्ले द्यायला लागतात, आणि सल्ल्यांचा तिला गारठ्यापेक्षा जास्त ताप होतो.

तिच्या माणसांची, कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची, या गावात एके काळी सात घरं होती. सहा उठून इस्रायलला गेली. सातवं आपलं, आणि ते उठणार नाही, हे तिने सहाही घरांना निरोप देताना तोंडावर सांगितलं होतं.

थंडीचा बंदोबस्त तिचा पक्का असतो. गादीखाली गोणपाट, गोणपाटाखाली जुनी वर्तमानपत्रं, अंगावर लुगड्यांची जाड गोधडी, आणि खाटेजवळ शेगडी. कोळसे फुलले की वर भाताचा तूस दाबायचा, त्यावर राखेचा थर द्यायचा आणि खिडकी वीतभर उघडी ठेवायची. विस्तव आतल्या आत धुमसत रात्र काढतो. शुक्रवारची शेगडी मात्र दुप्पट भरावी लागते. शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू, आणि मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, विझला तर फुंकायचाही नाही, दुसऱ्याला पेटवायला सांगायचंही नाही. आजाऱ्याला तेवढी सूट असते. इतक्या वर्षांत रेबेकाची शुक्रवारची शेगडी कधी विझली नव्हती, आणि याचा तिला लेकराचा असावा तसा अभिमान होता.

गेल्या जानेवारीत तिच्या छातीत कफ भरला. शेजारच्या सगुणाने तिला रिक्षात घालून पेणला नेलं, आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. इस्रायलमध्ये अश्दोदला असलेल्या मुलीला, नाओमीला, हे कळलं पाचव्या दिवशी. नाओमी तिथे वृद्धाश्रमात नर्स आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांची पांघरुणं नीट करते आणि स्वतःची आई इथे कौलांखाली कुडकुडते, हे तिच्या मनाला वर्षभर लागून राहिलं. या जानेवारीत ती दोन तिकिटं काढूनच आली.

"मी चार दिवस बघते, आई," तिने आल्या आल्या सांगितलं. "तू इथे धड राहू शकतेस असं मला दिसलं तर गप्प बसेन. नाही दिसलं तर मंगळवारी माझ्याबरोबर यायचं."

"बघ की," रेबेका म्हणाली. "डोळं फाडून बघ."

येताना नाओमीने पेणहून विजेचा हीटर आणला होता. शुक्रवारी दुपारी ती म्हणाली, आत्ताच लावून ठेवूया, रात्रभर चालू राहील, शब्बाथही मोडणार नाही. रेबेकाने त्या खोक्यावर पापडांचं ताट वाळत ठेवलं. हीटर लागला म्हणजे आपण हरलो, असं तिचं सरळ गणित होतं. तिने नेहमीसारखी शेगडी भरली, नारळाच्या तेलाचा दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना केली. सूर्य डोंगरामागे गेला.

तासाभराने तिने सहज शेगडीवर हात धरला. हात गारच राहिला.

घोटाळा तिचाच होता. तुसाचं पोतं उंदरांनी फाडलं म्हणून तिने महिन्यापूर्वी तूस दुसऱ्या पोत्यात ओतला होता. ते पोतं सगुणाच्या नवऱ्याने, रघूने, धरमतर खाडीच्या बाजूने आणलेलं, मिठाचं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, हे खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. वरचा कोरडा तूस महिनाभर पुरला, आज तळाचा दमटलेला हाती आला आणि त्याने धगधगते कोळसे गुपचूप मारून टाकले. रेबेकाला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. वर्षात बावन्न शुक्रवार, आणि नेमका हाच सापडला.

नाओमीने शेगडीकडे पाहिलं, मग आईकडे. "मी हीटर लावते."

"आज नाय."

"मी तिकडे शनिवारी गाडी चालवते, आई. माझ्या हाताने लागला तर काय बिघडतं?"

"तिकडं इमान उडव. हे माझं घर हाय."

"मग आजारी म्हणून लाव. आजाऱ्याला सूट आहे. गेल्या वर्षीचे तुझे फोटो आहेत माझ्याकडे, छातीचे."

रेबेकाने ओळखलं, फास इथेच आहे. ऊब हवी तर आजारी म्हणवून घ्यायचं, आणि एकदा आजारी म्हटलं की मंगळवारचं विमान. "मी आजारी नाय," ती एकेक शब्द तोडत म्हणाली. "मी म्हातारी हाय. त्यात फरक हाय."

मायलेकी एकाच खाटेवर, दोन गोधड्यांत शिरून झोपल्या. खरं तर झोपली रेबेका एकटीच. खोलीखोलीत हीटर असलेल्या देशातून आलेली नाओमी रात्रभर पाय पोटाशी घेऊन दात वाजवत राहिली आणि उजाडता उजाडता तिने सलग नऊ शिंका दिल्या.

"बघ," रेबेका म्हणाली, आणि तिच्या आवाजात लपवू म्हटलं तरी आनंद लपेना. "आजारी तू हाईस. तुला सूट हाय. लाव तुझा हीटर."

"आणि तू?"

रेबेकाने गोधडी अंगाभोवती लपेटली आणि दार उघडलं. समोर सगुणाच्या अंगणात शेकोटी धडधडत होती. सगुणा, रात्रपाळी करून कंपनीतून नुकताच आलेला रघू आणि पलीकडची गिरजाबाई भोवती बसली होती. ही शेकोटी थंडीत रोजच पेटते. ती त्यांनी त्यांच्यासाठी पेटवलेली, आणि दुसऱ्याने स्वतःसाठी पेटवलेल्या विस्तवाशी शेकायला रेबेकाच्या धर्माची काही हरकत नव्हती. सगुणाला हे तीस वर्षांपासून ठाऊक होतं. तिने काही न विचारता पाट पुढे सरकवला.

थोड्या वेळाने नाओमी नाक पुसत मागोमाग आली. हीटर खोक्यातच होता. पापडांच्या ताटाला हात लावायची तिला हिंमत झाली नव्हती.

"ये गो, बस," सगुणा म्हणाली. "रात्री काकीच्या घरातून धूर दिसला नाय, तवाच मी समजले. चार वेळा उठून खिडकीशी आले. खोकली असती तर दार तोडून आत आले असते. मंग शब्बाथ नाय आनि फब्बाथ नाय."

नाओमी तिच्या शेजारी टेकली.

"तिकडं तुझ्या शेजारी कोन राहतं?" गिरजाबाईने विचारलं.

त्या इमारतीत नाओमीला अकरा वर्षं झाली होती. तिने आठवून पाहिलं. समोरच्या दारावरचं आडनाव आठवलं. त्या आडनावाची माणसं किती, ते आठवेना. "आहे एक कुटुंब," ती म्हणाली, आणि तिने विस्तवाकडे हात धरले.

मग नाओमी हळू आवाजात म्हणाली, "आई, तुला थंडी वाजते ना?"

"वाजते," रेबेका म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली, तेही चार जणांसमोर. "रोज वाजते. गुडघं रातभर ठणकतात. मंग?"

"मंगळवारी मी एकटीच जाते."

रेबेकाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने धुराचं नाव पुढे केलं नाही. एकुलती एक लेक पुन्हा हजारो मैलांवर जाणार, याचं दुःख तिला जिंकल्याच्या आनंदाएवढंच झालं होतं. तिने गोधडीचं एक टोक सोडवून नाओमीच्या खांद्यावर टाकलं.

"जा," ती म्हणाली. "मी मेले तर सगुणा कळवील. तवर रोज फोन करून कशी हाईस, कशी हाईस, म्हनून इचारू नको. मी थंडीत हाय, आनि घरी हाय."